निखळलेला खांदा

मानवी शरीरांतील सर्वांत स्वैर सांधा खांद्याचा, आणि मोठ्या सांध्यांपैकीं सर्वांत अधिक वेळां आपली जागा सोडणारा सांधाहि तोच. हात डोक्यावर नेतां यावा, पाठीमागें जावा, चक्रासारखा फिरावा, यासाठीं निसर्गानें येथें बळकटीचा थोडा बळी दिला आहे. मांडीच्या हाडाचा माथा कमरेंतील खोल उखळींत बसतो. दंडाच्या हाडाचा माथा मात्र खांद्याच्या फऱ्यावरील एका उथळ खोबणीला नुसता टेकून असतो, बशीला लिंबू टेकवावें तसा. त्या बशीच्या कडेला कूर्चेची एक मऊ किनार असते, तिला चिकटून सांध्याभोंवतालचें वेष्टण असतें, आणि वरून स्नायूंची पकड असते. सारा कारभार या तिघांच्या भरंवशावर.

आज हा विषय निवडण्यास निमित्त घडलें तें माझ्या नात्यांतील एका चोवीस वर्षांच्या तरुणाचें. त्याला डोंगरवाटांवरून सायकल पिटाळण्याचा छंद आहे. तीन वर्षांत त्याचा उजवा खांदा तीनदां निखळला, आणि आतां शस्त्रक्रिया ठरली आहे. घरच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न असा कीं, जो खांदा तिन्ही वेळां घटकाभरांत जागेवर बसला त्याला शस्त्र कशाला लावावयाचें? आणि लावल्यावर पोरानें पुढें पांच-सहा महिने सायकलीपासून दूर कां राहावयाचें? मी वैद्य नव्हे, एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें वैद्यकापेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतात, असें मला वाटतें.

ही डोंगरी सायकल वयानें फार लहान. अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नांवाचा परगणा आहे. तेथील फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका डोंगरवाटेवर १९७६ च्या ऑक्टोबरांत कांहीं तरुणांनीं शर्यत लावली. सायकली होत्या जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या. सुमारें १,३०० फुटांचा उतार. पायडल मागें दाबून लावावयाचा ब्रेक इतका तापे कीं आंतील वंगण जळून धूर निघे, आणि दर फेरीनंतर तें नव्यानें भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच ‘रिपॅक’ पडलें. पुढच्याच वर्षीं जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं सायकल बांधली, आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकांत हा खेळ दाखल झाला. खेळ नवा, पण पडणें जुनेंच. पुढचें चाक दगडाला अडतें, स्वार हातांवरून पुढें फेंकला जातो आणि सहजप्रवृत्तीनें हात पसरतो. तो खांद्याच्या टोंकावर आदळला तर गळ्याजवळचें हाड मोडतें किंवा त्याचा बाहेरचा सांधा उकलतो. पसरलेला हात बाहेर व मागें रेटला गेला तर दंडाचा माथा बशीच्या पुढच्या कडेवरून घसरून बाहेर येतो.

तो परत बसविण्याची विद्या फार पुरातन आहे. ईजिप्तमध्यें दुसऱ्या रामसेसच्या काळांतील इपुइ नांवाच्या कारागिराच्या थडग्यांत एक चित्र आहे. बांधकामावर एक माणूस जमिनीवर पडला आहे आणि दुसरा त्याचा हात धरून कांहीं करीत आहे. खांदा बसविण्याचा हा देखावा असें पुष्कळ अभ्यासक मानतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत सांधा सुटण्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत, आणि खांद्यासाठीं उपाय असा सांगितला आहे कीं, कांखेंत मुसळ घालून ती वर उचलावी व हाड जागेवर येतांच स्वस्तिकाकृति पट्टी बांधावी. ग्रीसच्या हिपोक्रेटीसच्या नांवावर असलेल्या सांध्यांविषयींच्या ग्रंथांतहि कांखेंत मुसळासारखा दांडा घालण्याची रीत आहेच. शिवाय कांखेंत टांच रोवून हात ओढणें, शिडीच्या पायरीवर कांख टांगणें, उंच माणसाच्या खांद्यावर रोग्याची कांख ठेवून त्याला उचलणें अशाहि युक्त्या आहेत. ज्यांचा खांदा वरचेवर निखळतो ते दुसऱ्या हाताची मूठ कांखेंत दाबून तो स्वतःच बसवितात, असेंहि तो लिहितो. पुढें १८७० सालीं बर्नच्या थिओडोर कोखर यानें, तेव्हां तो तिशीचाहि नव्हता, जोरानें न ओढतां केवळ हात वळवून माथा परत आणण्याची रीत प्रसिद्ध केली. या गृहस्थाला १९०९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें गळ्यांतील ग्रंथीच्या कामाबद्दल.

म्हणजे बसविणें ही अडचण कधींच मोठी नव्हती. अडचण होती ती बसलेला खांदा बसलेला राहण्याची. आणि येथें हिपोक्रेटीसचें एक प्रकरण मला विलक्षण वाटतें. वारंवार निखळणाऱ्या खांद्याला त्या काळचे वैद्य तापलेल्या लोखंडानें डाग देत. डागाचा वण आकसला कीं सांधा आवळला जाईल, ही कल्पना. कल्पनेला त्याचा विरोध नाहीं. त्याची तक्रार आहे ती जागेविषयीं. हे लोक खांद्याच्या वर, पुढें, पाठीमागें डागतात, माथा तर खालीं कांखेकडे सरकतो. तेव्हां वरची जागा आकसून ते त्याला बाहेर पडण्यास उलट मदतच करतात, असें तो म्हणतो. डाग द्यावयाचा तर कांखेंत द्यावा, तेथील मोठ्या शिरा व नाड्या सांभाळून. आणि नंतर पुष्कळ दिवस, रात्रंदिवस, हात बरगडीशीं बांधून ठेवावा. उपाय कठोर खरा, पण त्यामागील प्रश्न अचूक होता: सांधा नेमका कोठें सैल झाला आहे?

या प्रश्नाचें उत्तर मिळावयास तेवीसशें वर्षें लागलीं. १८४६ सालीं बोस्टनमध्यें ईथरची भूल आली, १८६७ सालीं लिस्टरनें जखमा निर्जंतुक राखण्याचा मार्ग दाखविला, १८९५ सालीं राँटगेनचे किरण आले. तेव्हां कोठें जिवंत सांधा उघडून पाहण्याचें धैर्य शल्यवैद्यांना आलें. उघडल्यावरहि पुष्कळांनीं वेष्टणाला नुसत्या चुण्या घातल्या, कोणीं स्नायूची झोळी करून माथा तोलून धरण्याचा खटाटोप केला. खांदे पुन्हां निखळतच राहिले. जर्मनींत गेऑर्ग पेर्थेस यानें १९०६ सालीं खरी जागा दाखवून दिली होती, पण तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९२३ सालीं लंडनच्या ब्लंडेल बँकार्ट यानें तीच गोष्ट निक्षून सांगितली: वेष्टण ताणलें जातें हें दुखण्याचें मूळ नव्हे, बशीच्या पुढच्या कडेवरील ती मऊ किनार हाडापासून सुटते, आणि सुटलेली किनार आपोआप चिकटत नाहीं. तेव्हां हाडाची कड खरवडून ताजी करावी, तिला भोंकें पाडावीं आणि किनार टांक्यांनीं तेथेंच परत शिवावी. १९३८ सालीं त्यानें सत्तावीस रोग्यांचा हिशेब मांडला. एकाचाहि खांदा पुन्हां निखळला नव्हता. इतरांच्या शस्त्रक्रियांविषयीं तो जरा फटकळपणें लिहितो, पण हिपोक्रेटीसचा तो वंशज शोभतो यांत शंका नाहीं.

पुढचा इतिहास त्वरेनें सांगतां येईल. १९४० सालीं हिल व सॅक्स या अमेरिकन डॉक्टरांनीं दाखविलें कीं, बशीच्या कडेवर आपटून दंडाच्या माथ्यालाहि मागें खांच पडते. १९४८ सालीं इंग्लंडांत पुढचा स्नायु आवळून बसविण्याची एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. तिनें खांदा राहिला, पण हात बाहेर वळेनासा झाला आणि कित्येकांना पुढें संधिवात जडला. १९५४ सालीं लियाँच्या मिशेल लातार्जे यानें बशीची कड झिजली असेल तर जवळच्याच हाडाचा तुकडा स्क्रूनें तेथें बसविण्याची युक्ति काढली. ती आजहि चालते. टोकियोंत ताकागी व त्यामागून वातानाबे यांनीं सांध्यांत नळी घालून आंत पाहण्याची विद्या वाढविली, आणि १९८० नंतर खांद्याची किनार बारीक छिद्रांतून, हाडांत रोवलेल्या खुंटीसारख्या टांक्यांनीं शिवतां येऊं लागली. त्या तरुणाची व्हावयाची आहे ती हीच. जखम लहान झाली. काम मात्र बँकार्टचेंच.

तर मग खांदा निखळलेल्या प्रत्येकानें शस्त्रक्रिया करावी काय? नाहीं. स्वीडनमध्यें होवेलिउस नांवाच्या शल्यवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पहिल्यांदाच निखळलेल्या शेंकडों खांद्यांवर पंचवीस वर्षें नजर ठेवली. शस्त्राविना उपचार झालेल्या तरुणांपैकीं सुमारें निम्म्यांचे खांदे पुन्हां निखळले नाहींत, किंवा कालांतरानें आपोआप स्थिरावले. शिवाय पहिल्यानें तीन-चार आठवडे हात बांधून ठेवला काय किंवा न ठेवला काय, पुढच्या निकालांत फरक दिसला नाहीं. पण जो खांदा तीनदां निखळला, आणि ज्याचा धनी डोंगर सोडावयास तयार नाहीं, त्याची गोष्ट वेगळी.

आतां त्या पांच-सहा महिन्यांविषयीं. शिवलेली किनार हाडाला चिकटावयास आठवडे लागतात, तोंवर झोळी. मग हळूहळू हालचाल, मग बळ, आणि डोंगर सर्वांच्या शेवटीं. सुश्रुतानें तरुणाचा सांधा महिन्यांत, मध्यमवयी माणसाचा त्याच्या दुप्पट व म्हाताऱ्याचा तिप्पट काळांत स्थिर होतो असें म्हटलें आहे. आणि हाताच्या तळव्याला इजा झालेल्यानें आधीं शेणाचा गोळा धरावा, मग मातीचा, आणि जोर आल्यावर दगड, असा क्रम लावून दिला आहे. आजच्या व्यायामशिक्षकाचे रबरी पट्टे आणि डंबेल्स याच वाटेनें चालतात.

खांद्याच्या रोग्याला पहिल्यानें सांगतात तो व्यायाम, म्हणजे कमरेंत वांकून हात लंबकासारखा लोंबता सोडणें, तो बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन याच्या नांवानें ओळखला जातो. याचा खांद्यावरील ग्रंथ १९३४ सालचा. पण त्याचें खरें वेड निराळेंच होतें. प्रत्येक रोग्याची शस्त्रक्रियेनंतर निदान वर्षभरानें चौकशी व्हावी, निकाल चांगला कीं वाईट हें नोंदलें जावें, आणि वाईट असेल तर त्याचें कारण उघडपणें छापलें जावें, असा त्याचा आग्रह. त्यासाठीं त्यानें १९१४ सालीं मोठ्या रुग्णालयांतील आपली जागा सोडली, स्वतःचें लहानसें रुग्णालय चालविलें, स्वतःच्या चुकाहि छापल्या, आणि सहकाऱ्यांची थट्टा करणारें एक शहामृगाचें चित्र भर सभेंत टांगून बहुतेकांचा रोष ओढवून घेतला. तो १९४० सालीं वारला. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमींत त्याच्या जागेवर कित्येक दशकें दगडहि नव्हता. तो २०१४ सालीं बसविण्यांत आला.