धोतरा, सायकल आणि निनावी पावडर

इन्सुली म्हटलं की बाहेरच्या माणसाला आठवतो तो हायवेवरचा तपासणी नाका. गोव्याहून येणारी गाडी थांबते, डिकी उघडली जाते, बाटल्या शोधल्या जातात. बाटलीवर निदान आत काय आहे ते लिहिलेलं तरी असतं! आज लिहायचंय ते पुडीतून येणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पावडरीबद्दल. म्हणजे खरं तर 'घेऊन तर बघू' या वृत्तीच्या इतिहासाबद्दल.

सुरुवात शेजारच्या गोव्यातूनच करू. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. इथल्या औषधींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात भांग आहे आणि आपला धोतराही आहे. धोतरा खायला घालून मालकिणीचे दागिने लांबवल्याची हकीकत त्याने दिली आहे. आपल्याकडे धोतऱ्याचं फूल महादेवाला वाहतात, पण पोरांना त्याच्या बोंडाला हात लावू देत नाहीत. वैद्यसुद्धा बी शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. ही सावधगिरी फुकट आलेली नाही. कित्येक पिढ्यांनी किंमत मोजली, तेव्हा कुठे ती अंगवळणी पडली.

प्रयोगशाळेतल्या नव्या पदार्थामागे अशी पिढ्यांची पुण्याई नसते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा आल्बर्ट हॉफमन पाहा. एलएसडी त्याने 1938 मध्ये बनवलं आणि 19 एप्रिल 1943 ला मुद्दाम स्वतः घेतलं. मात्रा फक्त पाव मिलिग्रॅम. इतक्या कमी मात्रेत फारसं काही व्हायचं नाही, असा त्याचा हिशोब होता. पुढे कळलं की याच्या दहाव्या हिश्शानेही परिणाम जाणवतो. सहायकाला सोबत घेऊन तो सायकलवरून कसाबसा घरी पोचला. शेजारीण त्याला चेटकीण दिसू लागली, आपण मरतोय किंवा वेडे होतोय असं वाटलं. तो वाचला. सायकलची गोष्ट लोक अजून कौतुकाने सांगतात. हिशोब चुकल्याचं मात्र कुणी सांगत नाही.

न वाचलेल्याचीही गोष्ट आहे. 1976 साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये रसायनशास्त्राचा एक 23 वर्षांचा विद्यार्थी पेथिडीनसारखं एक द्रव्य घरीच बनवून टोचून घेत असे. काही महिने निभावलं. मग एकदा घाईत कृतीला फाटा दिला आणि त्यात एमपीटीपी नावाचा भलताच पदार्थ तयार झाला. काही दिवसांतच त्याचं अंग ताठरलं, हालचाल मंदावली. म्हातारपणी होणारा पार्किन्सन तेविशीत! दोनेक वर्षांनी तो गेला, तेव्हा शवविच्छेदनात मेंदूतल्या नेमक्या त्याच पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्यावर विकलेल्या मालातून तेच घडलं. त्या माणसांना तर आपण काय टोचून घेतोय हेही ठाऊक नव्हतं.

म्हणजे बघा, हा मुलगा रसायनशास्त्र शिकलेला होता, माल त्याने स्वतःच्या हाताने बनवला होता, आधी अनेकदा घेतलाही होता. तरी फसला. मग अनोळखी माणसाकडून पुडी घेणाऱ्याने कशाच्या भरवशावर राहायचं?

आपल्याकडे 'एमडी' म्हणून मिळणारं मेफेड्रोन 1929 मध्येच पहिल्यांदा बनलं होतं. भारतात त्यावर कायद्याने बंदी आली ती 2015 मध्ये. तोवर 'बंदी नाही म्हणजे धोका नाही' असं पोरं एकमेकांना सांगत. कायद्याच्या यादीत नाव नसणं म्हणजे तपासून सुरक्षित ठरणं नव्हे, एवढं साधं गणित होतं.

नाक्यावर गाडी तपासता येते, उत्सुकता नाही. ती वाईटही नाही. औषधांची चाचणी होते तीही उत्सुकतेपोटीच, पण आधी प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर, डॉक्टर शेजारी उभा असताना. बीचवरच्या अंधारात यातलं काहीच नसतं.

म्हणून घरातल्या मोठ्यांना एकच सांगणं. पोरांना तुमचा इतका धाक नको की मित्र बेशुद्ध पडला तरी ती गप्प बसतील. 108 ला फोन करा, काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा. ओरडायला नंतर आयुष्य पडलंय... ते शिल्लक राहिलं पाहिजे, इतकंच.