आणीबाणीनंतर न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याची पुनर्स्थापना (१९७७-१९८०)

प्रस्तावना :
लोकशाहीचा ऱ्हास होतो तेव्हा न्यायालये बंद पडतातच असे नाही. त्यांचे अधिकार व मनोधैर्य मात्र खच्ची होते. त्यामुळे कायद्याच्या राज्याची पुनर्स्थापना अभ्यासताना घटनादुरुस्ती आणि न्यायाधीशांच्या नेमणुका ही दोन्ही अंगे पाहावी लागतात. प्रस्तुत लेखात भारतातील अनुभवाचा या दृष्टीने विचार केला आहे.

ऱ्हासाचे स्वरूप :
एप्रिल १९७३ मध्ये न्या. शेलाट, न्या. हेगडे व न्या. ग्रोव्हर यांची ज्येष्ठता डावलून न्या. रे यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले. आणीबाणीत स्थानबद्धांना दाद मागता येते, असा निर्वाळा नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी फेटाळला. भिन्नमत देणारे न्या. हंसराज खन्ना यांना जानेवारी १९७७ मध्ये डावलले गेले व त्यांनी राजीनामा दिला.

पुनर्स्थापनेचे दोन मार्ग :
जनता सरकारने ४३ व्या घटनादुरुस्तीने न्यायालयांचे काही अधिकार परत दिले. ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हे कारण व मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरविला. अनुच्छेद २० व २१ निलंबनाच्या कक्षेबाहेर ठेवले. मात्र राज्यसभेत बहुमत नसल्याने ४२ व्या दुरुस्तीचा काही भाग कायम राहिला.

नेमणुकीचा प्रश्न अधिक अवघड होता. १९७६ च्या बहुमतात सहभागी असलेले न्या. यशवंत चंद्रचूड यांना सरन्यायाधीश करण्यास मुंबईतील काही नामवंत विधिज्ञांचा विरोध होता. निकालाची शिक्षा म्हणून ज्येष्ठता डावलणे म्हणजे मागील सरकारचाच कित्ता गिरवणे ठरले असते. फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने ज्येष्ठतेचा संकेत पाळला. याच चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात, इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर असताना, संसदेच्या अमर्याद घटनादुरुस्तीच्या अधिकाराची तरतूद रद्द केली.

समारोप :
ही पुनर्स्थापना अपूर्णच राहिली. प्रतिबंधक स्थानबद्धतेवर मर्यादा घालणारे ४४ व्या दुरुस्तीतील कलम आजतागायत अमलात आलेले नाही, तर १९७६ चा निकाल औपचारिकरीत्या रद्द होण्यास २०१७ साल उजाडले. कायदा बदलून अधिकार परत देता येतात. स्वातंत्र्य मात्र, न रुचणाऱ्या न्यायाधीशाच्या बाबतीतही संकेत पाळला गेला तरच टिकते, हा या कालखंडाचा बोध होय.