मांडणशिल्प, मौन आणि पवनीचे रिकामे आसन

'मांडणशिल्प' हा शब्द मराठी कलासमीक्षेत अलीकडे रुळला. त्यामुळे ही कलाच आपल्याला परकी आहे, असा समज होतो. या प्रकारात कलाकृती भिंतीवर टांगलेली नसते. प्रेक्षक तिच्या अवकाशात शिरतो, फिरतो, थांबतो. थायलंडचे मोन्तियन बूनमा (१९५३–२०००) यांनी बौद्ध चिंतनातून अशी मांडणशिल्पे घडविली. 'लोटस साउंड' (१९९२) मध्ये मातीच्या घंटा एकावर एक रचून त्यांनी वक्र भिंत उभारली. घंटा आहेत, नाद नाही.

या कलेचा पूर्वेतिहास शोधण्यासाठी करडीच्या वाचकाला भंडारा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथील जगन्नाथ टेकडीवर केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. एका शिल्पात मुचलिंद नागराजाने फणा उभारलेला आहे; खाली आसन आहे, पण त्यावर बुद्ध नाही. बुद्धाला मानवी रूपात न दाखविणाऱ्या काळातले हे शिल्प. ते रिकामे आसन उपासकाने आपल्या ध्यानानेच भरायचे. स्तूपही नुसता पाहायचा नसतो, त्याला प्रदक्षिणा घालायची असते. पाहणाऱ्याच्या चालण्याने पूर्ण होणारी ही रचना मांडणशिल्पाहून फार दूर नाही.

मात्र येथील मौन निनावी नाही. पवनीच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. हा तपशील महत्त्वाचा, कारण आपल्या समाजात मौन दोन प्रकारचे राहिले आहे: एक स्वतः स्वीकारलेले, दुसरे जातिव्यवस्थेने लादलेले. कलासमीक्षा पहिल्याचे कौतुक करते आणि दुसऱ्याविषयी बहुधा बोलत नाही.

नागपूरच्या दीक्षाभूमीवर हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे धम्मदीक्षा घेतली. २००१ मध्ये खुला झालेला तेथील स्तूप परंपरेप्रमाणे भरीव नाही, पोकळ आहे. ज्यांना शतकानुशतके देवळाच्या बाहेर ठेवले गेले, ते या घुमटाखाली थेट आत जातात. धर्मांतरानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. लादलेले मौन मोडल्यावरच स्वीकारलेल्या मौनाला अर्थ येतो. बौद्ध शांततेची मांडणशिल्पे वाचताना, ही शांतता कोणाची आणि कोणी निवडलेली, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा.