माठ कुणाच्या घरातला?

अमेरिकेत आणि इंग्लंडात घरच्या घरी बिअर करण्याचा छंद आहे. थंडीच्या तोंडाशी तिथे लाल भोपळ्याची बिअर करतात. भोपळा भाजायचा, मोड आणून वाळवलेल्या जवाबरोबर शिजवायचा, दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ घालायची आणि यीस्ट टाकून आंबू द्यायचं. कडक केली तर मद्यार्क आठ टक्क्यांच्या घरात जातो. वसाहतीच्या काळात हे हौसेखातर सुरू झालं नव्हतं. चांगलं जव मिळत नसे, भोपळा मात्र मुबलक. जे मुबलक ते माठात गेलं, एवढंच.

तो अमेरिकेचा भोपळा पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडेही आला. बारामती-इंदापूरच्या घरांत त्याचं काय झालं? घारगे झाले. भोपळ्याचा कीस, गूळ, कणीक, वेलची, जायफळ, आणि तळण. मसाला जवळजवळ तोच, फक्त आंबवणं नाही. आता कुणी म्हणेल, आपल्या संस्कृतीत ते बसतच नाही. धर्माचा आणि जातीचा संकोच होता, तो आम्ही नाकारत नाही. पण गूळ, फळ आणि मसाला एकत्र आंबवण्याची आपली परंपरा भोपळा इथे येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात आसवाची कृती अशी: कवठ शंभर पल, फाणित म्हणजे काकवीसारखा आटवलेला उसाचा रस पाचशे पल, आणि मध एक प्रस्थ. वर दालचिनी, चित्रक, वावडिंग, गजपिंपळी. म्हणजे फळाच्या पाचपट काकवी! ही कडक मसालेदार गोष्ट आहे, शंकाच नको. आणि कौटिल्य काही उदार माणूस नव्हे. दारूवर त्याचा पहारा कडक आहे, महसुलावर डोळा आहे. तरीही त्याच प्रकरणात तो म्हणतो की घरातल्या कार्याच्या निमित्तानं कुटुंबांना पांढरी सुरा करू द्यावी आणि औषधासाठी अरिष्ट करू द्यावं. उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची मोकळीकही आहे. राज्याचा मक्ता आहे, पण घरच्या माठासाठी एक फट ठेवलेली आहे. ही फट महत्त्वाची, कारण पुढे तीच बुजली.

चरकानं चौऱ्याऐंशी आसवं सांगितली आहेत. द्राक्षारिष्टात मनुकांचा काढा, गूळ, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी. पुष्कळ आसवा-अरिष्टांत धायटीची फुलं घालतात. त्यांच्या मधाबरोबर रानटी यीस्ट येतं आणि गुळाला कामाला लावतं. तयार औषधात मद्यार्क साधारण पाच ते दहा टक्के. म्हणजे आजीच्या फडताळातली ती बाटली आणि ती भोपळ्याची कडक बिअर, मद्यार्काच्या मापानं सख्ख्या बहिणी.

आता आपल्या भागाकडे येऊ. १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. दारू गाळणं सरकारच्या आणि मक्तेदाराच्या हातात एकवटलं. घरी केलेली दारू म्हणजे सरकारचा बुडालेला पैसा. नीती हा त्यातला मुद्दा नव्हताच. १८८० साली पुण्यात दारूची दुकानं वाढल्याबद्दल महात्मा फुल्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली, ती याच काळात. घरचा माठ गुन्हा आणि कोपऱ्यावरचं दुकान कायदेशीर, असा हा हिशोब.

त्याच दशकात नीरेचा डावा कालवा आला. कोरडवाहू भीमथडी-इंदापूरच्या रानात ऊस उभा राहिला, गुऱ्हाळं पेटली, बारामतीला गुळाची पेठ वाढली. १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना, पुढे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इथे सहकारी कारखाने. गोडी एवढी मुबलक झाली की आंबवायला लागणारं सगळं घराघरांत होतं, फक्त परवानगी नव्हती. मग झाली हातभट्टी: गूळ, नवसागर, बाभळीची साल, आणि वर गाळणं. इथे एक फरक लक्षात घ्या. आसव आंबवतात, हातभट्टी आंबवून मग गाळतात. चोरून करायचं तर थोडक्या जागेत जास्त कडक माल हवा. सौम्य माठाला लपवणं परवडत नाही. बंदीनं सौम्य पेय मेलं आणि जहाल पेय उरलं, असं आमचं मत आहे.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणखी खोल गेला. मोहाची फुलं आणि मळी यांच्यावर त्यात स्वतंत्र नियंत्रण आहे. एवढंच काय, सडका गूळ कशाला म्हणायचं, याचीही व्याख्या कायद्यात घातली गेली, साखरेच्या प्रमाणावरून! गुऱ्हाळाच्या शेतकऱ्याला आपला गूळ नासला की गुन्हेगार होण्याची भीती.

आणि मग एफ. एन. बलसारा. या नागरिकानं कायद्याला आव्हान दिलं; व्हिस्की-बिअरबरोबर औषधी वाइन आणि कोलन वॉटरही वापरू द्या, ही मागणी. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं पिण्याच्या दारूवरची बंदी राखली, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द केली. १९५५ साली अशा औषधांवरच्या शुल्काचा केंद्रीय कायदा आला. पदार्थ तोच, पण कारखान्याचं लेबल लागलं की औषध. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे विचारतो, वस्तूचा धर्म वस्तूत आहे की तिच्या मालकात? न्यायालयानं तो प्रश्न घेतला नाही. तसं त्याचं कामही नव्हतं.

कुणी विचारेल, विषारी दारूचं काय? २०१५ साली मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलनं. ते गुळाच्या माठात होत नाही. औद्योगिक मिथेनॉल वापरलं की माणसं मरतात. अर्थात गुळाची दारू निरुपद्रवी, असं आम्ही म्हणत नाही. तिनं उद्ध्वस्त केलेली घरं गावोगाव आहेत आणि दारूची दुकानं बंद करायला बायकांनी मतदान केलं ते उगाच नाही.

२००१ साली महाराष्ट्रानं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं आणि वाइनला अबकारीत सवलत दिली. मोठ्या टाक्या, परवाने, चाखायला येणारे पाहुणे, हे सगळं आता पुणे-नाशिकच्या पट्ट्यात आहे. कौटिल्यानं कार्यापुरती दिलेली घरच्या माठाची सूट मात्र त्या धोरणात नाही.