१९४१ पासूनची प्रतीक्षा : नगर जिल्हा आणि महाराष्ट्राचा रणजी संघ

१/ १६ मार्च २०२५. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर न्यूकॅसल युनायटेडने लिव्हरपूलला २-१ असे हरवून इंग्लिश लीग चषक जिंकला. या फुटबॉल क्लबने त्याआधीचा देशांतर्गत प्रमुख चषक जिंकला होता तो १९५५ मध्ये. मधल्या ७० वर्षांत अनेक अंतिम सामने हातचे गेले, संघ खालच्या विभागातही घसरला. पण शहराने आपला संघ बदलला नाही. आजोबांनी पाहिलेला विजय नातवाने ऐकीव गोष्ट म्हणून जपला.

२/ अहिल्यानगर जिल्ह्यात असा शतकभराचा फुटबॉल क्लब नाही. मात्र अशीच, किंबहुना याहूनही दीर्घ प्रतीक्षा या जिल्ह्याच्या वाट्याला आली आहे, ती क्रिकेटमध्ये. नगरचा संघ म्हणजे रणजी करंडकातील ‘महाराष्ट्र’. या संघाने करंडक शेवटचा जिंकला १९४०-४१ च्या हंगामात. २०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हा त्या विजयाला ८४ वर्षे झाली होती.

३/ येथे क्रिकेटचा नकाशा समजून घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. रणजी स्पर्धा १९३४ पासूनची. त्यामुळे राज्याची सीमा आणि क्रिकेटची सीमा कधीच एक झाली नाही. एका राज्यात तीन संघ नांदतात : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. पुणे, नगर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, संभाजीनगर, जालना हा प्रदेश तिसऱ्या संघाचा. फुटबॉलच्या शहराप्रमाणेच येथेही संघ निवडावा लागत नाही. तो जन्मगावाबरोबर पदरी येतो.

४/ आता शेजाऱ्यांकडे पाहावे. मुंबईची ४२ विजेतेपदे. बडोद्याची पाच. गुजरात २०१६-१७ मध्ये प्रथमच विजेता. विदर्भ २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये विजेता. सौराष्ट्र २०१९-२० आणि २०२२-२३ मध्ये विजेता. म्हणजे एकविसाव्या शतकात भोवतालच्या या प्रत्येक अंगणात करंडक येऊन गेला. महाराष्ट्राच्या दारात तेवढा आला नाही.

५/ प्रारंभ मात्र वैभवाचा होता. त्या वैभवाचे शिल्पकार दिनकर बळवंत देवधर. जन्म १४ जानेवारी १८९२, पुणे. स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ मध्ये आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. पण भारताने पहिली कसोटी खेळली १९३२ मध्ये. तेव्हा देवधर चाळिशीत पोहोचले होते. ते एकही कसोटी खेळू शकले नाहीत. राष्ट्रीय संघाचे दार उघडले तेव्हा त्यांची वेळ टळली होती. त्यांच्यापाशी उरला तो महाराष्ट्र.

६/ देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० मध्ये अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला हरवून पहिला करंडक जिंकला. त्याच हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढच्या हंगामात मद्रासला नमवून संघाने विजेतेपद राखले. त्या हंगामात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढणाऱ्या कर्णधाराचे वय होते ४८.

७/ दोन हंगाम, दोन करंडक. त्या वेळी कोणालाही वाटले असते की हा संघ आता जिंकतच राहणार. परंतु हजारे पुढे बडोद्याकडून खेळू लागले आणि भारताचे कर्णधारही झाले. गुणी खेळाडूने अन्य संघात जावे, हा क्रम पुढे या संघाच्या नशिबी वारंवार येणार होता.

८/ डिसेंबर १९४८, पुणे. प्रतिस्पर्धी काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते आणि महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तेव्हाचा विश्वविक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांचा. बरोबरीला अवघ्या ९ धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी खेळ पुढे चालवण्यास नकार दिला आणि संघ सामना सोडून निघून गेला.

९/ सामना महाराष्ट्राला मिळाला, विक्रम मिळाला नाही. तरीही ती ४४३ ही प्रथम श्रेणीतील कोणत्याही भारतीयाची आजवरची सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकरही कधी अधिकृत कसोटी खेळले नाहीत. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

१०/ त्याच हंगामातील मार्च १९४९. पुण्यात मुंबईविरुद्ध उपांत्य सामना. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७; पुन्हा मुंबई ८ बाद ७१४. विजयासाठी ९५९ धावांचे अशक्य आव्हान. महाराष्ट्राने शस्त्रे टाकली नाहीत. शेवटच्या डावात तब्बल ६०४ धावा केल्या आणि तरीही संघ ३५४ धावांनी हरला. सामन्यातील एकूण धावा २,३७६. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यातील हा आजही विश्वविक्रम आहे. या संघाच्या स्वभावाचे सार एवढ्या एका सामन्यात सामावते : चौथ्या डावात सहाशे धावा, आणि पदरी पराभव.

११/ पुढील दुष्काळाचे एक कारण स्पर्धेच्या रचनेत दडलेले होते. मुंबई आणि महाराष्ट्र दोघेही पश्चिम विभागात. १९५७-५८ पासून विभागवार साखळी सुरू झाली आणि विभागातील पहिल्या क्रमांकाचाच संघ बाद फेरीत जाई. नेमक्या १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने सलग १५ वेळा करंडक जिंकला. देशातील सर्वोत्तम संघच ज्याच्या विभागात, त्याने दुसरा क्रमांक मिळवला तरी हंगाम तेथेच संपे.

१२/ १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातील पहिल्या दोन संघांना बाद फेरीत प्रवेश मिळू लागला. नियम बदलला त्याच वर्षी महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. समोर अर्थातच मुंबई. पण वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर हे भारतीय संघासोबत वेस्ट इंडिजमध्ये होते. मुंबईचे नेतृत्व सुधीर नाईक यांच्याकडे होते. इतकी अनुकूल वेळ क्वचितच येते. महाराष्ट्र ४८ धावांनी हरला.

१३/ त्यानंतरचा अंतिम सामना आला २२ वर्षांनी, १९९२-९३ मध्ये, लुधियानात. पंजाबने महाराष्ट्राला १२० धावांनी हरवून आपला पहिला करंडक उचलला. त्या वेळी प्रा. देवधर हयात होते, वय १०१. देशाने त्यांच्या नावाने १९७३-७४ पासून देवधर करंडक सुरू केला होता, १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले होते. पण १९४१ च्या संघाला वारस लाभलेला पाहणे त्यांच्या शतकोत्तर आयुष्यातही घडले नाही. २४ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

१४/ आता नगर जिल्ह्याकडे वळू. ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूर येथे झहीर खान यांचा जन्म झाला. शिक्षण श्रीरामपुरातच. क्रिकेटसाठी मात्र त्यांनी तरुण वयात मुंबई गाठली आणि रणजी पदार्पण केले बडोद्याकडून. २०००-०१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेच्या शेवटच्या डावात त्यांनी ४३ धावांत ५ गडी बाद केले. बडोदा २१ धावांनी जिंकला. पुढे २००६-०७ च्या विजेत्या मुंबई संघातही ते होते. श्रीरामपूरच्या सुपुत्राच्या नावावर करंडक आले, पण महाराष्ट्राच्या संघात राहून नव्हे.

१५/ दुसरे नाव अजिंक्य रहाणे. जन्म ६ जून १९८८, संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द. जडणघडण मुंबई परिसरात, त्यामुळे संघही मुंबईच. मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भाला हरवून ४२ वा करंडक जिंकला. राज्यातील तीन संघांपैकी दोन अंतिम सामन्यात, विजेता कर्णधार नगर जिल्ह्यात जन्मलेला. आणि नगरचा स्वतःचा संघ त्या चित्रात कुठेच नाही.

१६/ यात कोणाला दोष देणे अनैतिहासिक ठरेल. जिथे संधी, तिथे गुणी माणूस जातो. कुटुंब जिथे पोट भरते, तिथेच मूल वाढते. पुण्यात घडलेले हृषीकेश कानिटकरही पुढे राजस्थानकडून खेळले आणि कर्णधार म्हणून त्यांनी २०१०-११ व २०११-१२ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले. महाराष्ट्रात गुणांची वानवा कधी नव्हती. ते गुण एका ठिकाणी, एका वेळी टिकवून धरण्याची ताकद कमी पडली.

१७/ म्हणूनच २०१३-१४ चा हंगाम लोकांच्या मनात घर करून राहिला. उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला मुंबईच्याच वानखेडेवर ८ गडी राखून हरवले; विजयाच्या वेळी केदार जाधव आणि जालन्याचा विजय झोल नाबाद होते. उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ धावांत गुंडाळला. जाधवने हंगामात १,२२३ धावा केल्या. हैदराबादमधील अंतिम सामन्यात कर्नाटकने ७ गडी राखून स्वप्न मोडले.

१८/ आणि मग ऑक्टोबर २०१६. वानखेडेवर दिल्लीविरुद्ध महाराष्ट्राची अवस्था २ बाद ४१. खेळपट्टीवर होता कर्णधार स्वप्नील गुगळे, जन्म अहमदनगर, १९९१. साथीला अंकित बावणे. त्यानंतर दिल्लीला एकही गडी मिळाला नाही. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८, भागीदारी अभंग ५९४. हजारे आणि गुल महंमद यांचा १९४६-४७ मधील ५७७ धावांचा रणजी विक्रम मागे पडला.

१९/ प्रथम श्रेणीतील विश्वविक्रमी भागीदारी होती संगक्कारा आणि जयवर्धने यांची, ६२४ धावांची. बरोबरीला ३० धावा उरल्या होत्या आणि दोघेही फलंदाज नाबाद होते. ६८ वर्षांपूर्वी निंबाळकरांना समोरच्या संघाने थांबवले होते. या वेळी थांबवणारा कर्णधार खेळपट्टीवरचाच होता. गुगळेने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला.

२०/ त्या निर्णयाचे मोल पुढच्या दोन दिवसांत कळले. दिल्लीच्या ऋषभ पंतने ३०८ धावा ठोकल्या. तरीही दिल्ली ५९० वर सर्वबाद झाली आणि महाराष्ट्राला ४५ धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिला. भागीदारीचा तो रणजी विक्रमही २०२४ मध्ये गोव्याच्या जोडीने ६०६ धावा करून मोडला. हातात राहिली ती पहिल्या डावाची आघाडी, संघाच्या खात्यातील मोजके गुण.

२१/ २०२२ मध्ये ऋतुराज गायकवाडने एकदिवसीय विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात ७ षटकार मारले, त्यातला एक नो-बॉलवर. साऱ्या जगाने ते चित्रण पाहिले. चारच दिवसांनी अंतिम सामन्यात त्याने पुन्हा शतक केले. करंडक मात्र सौराष्ट्राने नेला.

२२/ भारतीयाची सर्वोच्च खेळी या संघाकडून. सर्वाधिक धावांचा सामना या संघाचा. षटकात सात षटकार या संघाकडून. केवळ करंडक तेवढा नाही. विक्रम एका माणसाच्या एका दिवसाने घडतो. करंडकासाठी अकरा जणांना पूर्ण हंगाम एकत्र राहावे लागते. १९४१ नंतर महाराष्ट्राला जे साधले आणि जे निसटले, त्यातील अंतर हेच आहे.

२३/ या संघाच्या बहुतेक सामन्यांना मोकळी बाके असत. नगरच्या वाडिया पार्कवर सराव करून घरी परतणाऱ्या कित्येक पिढ्यांना निकाल कळे तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील चार ओळींतून. मोठी नावे मुंबईला, बडोद्याला, राजस्थानला गेली, तरी संघ प्रत्येक हंगामात मैदानात उतरला. याचे श्रेय मागे राहिलेल्यांचे : कसोटीची टोपी न लाभलेल्या प्राध्यापकाचे, नऊ धावांनी विश्वविक्रम हुकलेल्या निंबाळकरांचे, आणि स्वतः ३५१ वर नाबाद असताना डाव घोषित करणाऱ्या नगरच्या कर्णधाराचे.

२४/ न्यूकॅसलला ७० वर्षे लागली. महाराष्ट्राची वाट अजून संपलेली नाही. रणजी विजेत्यांच्या यादीत या संघाचे नाव दोनदाच आढळते, लागोपाठच्या दोन ओळींत : १९३९-४०, १९४०-४१. तिसरी ओळ लिहिली जाईल तेव्हा १९४१ चा अंतिम सामना पाहिलेला कोणी उरला असेल, ही आशा व्यर्थच. पण ती ओळ कोणाकोणाची आहे, हे सांगता येण्यासाठी मधल्या वर्षांचा इतिहास ठाऊक असलेले लोक तरी असायला हवेत.