अ‍ॅडमिन पासवर्ड नसताना पायथनची पॅकेजेस कशी इन्स्टॉल करायची?

कॉलेजच्या लॅबमधला किंवा ऑफिसने दिलेला कॉम्प्युटर आहे. कोड लिहायला घेतला, एक पॅकेज लागलं, ‘पिप इन्स्टॉल’ केलं आणि स्क्रीनवर आलं: ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. बरेच जण इथेच थांबतात. मीही थांबलो होतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघं एका प्रोजेक्टवर होतो. लॅपटॉप एकाकडेच, बाकी तिघांची सगळी भिस्त लॅबवर. लॅबमध्ये पॅन्डास इन्स्टॉल होईना आणि पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते सर सुट्टीवर. आठवडा तसाच गेला. शेवटी सगळा कोड लॅपटॉपवाल्या मित्राने लिहिला आणि आम्ही तिघांनी रिपोर्ट आणि पीपीटी केली. नोकरीला लागल्यावर कळलं, की त्या दिवशी पासवर्डची गरजच नव्हती. तीन ओळींचं काम होतं.

त्याच तीन ओळी या लेखात सांगतो. वाचायला सोपं जावं म्हणून कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

परवानगी नेमकी कशाची नाकारली जाते?

पॅकेज इन्स्टॉल होणं म्हणजे इंटरनेटवरून काही फाइल्स येऊन एका फोल्डरमध्ये ठेवल्या जाणं. प्रश्न एवढाच, की कुठल्या फोल्डरमध्ये. पायथन सगळ्या युजर्ससाठी बसवलेलं असेल, तर विंडोजवर ते ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असतं. तिथे लिहायचा हक्क फक्त अ‍ॅडमिनला. म्हणून नकार येतो.

पण तुमच्या लॉगिनला स्वतःचं एक फोल्डर असतं. विंडोजवर ते ‘युजर्स’मध्ये तुमच्या नावाने असतं, लिनक्सवर ‘होम’मध्ये. तिथे लिहायला कुणालाही विचारावं लागत नाही. मग पॅकेज तिथेच ठेवायचं, की झालं.

फोनवर टर्मक्स वापरलं असेल तर हे तुम्ही आधीच केलंय. टर्मक्समध्ये फोन रूट न करता पायथन चालतं, कारण सगळ्या फाइल्स त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जातात.

सगळ्यात चांगला मार्ग: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट

प्रत्येक प्रोजेक्टसाठी पॅकेजेसचा वेगळा डबा, असं समजा. त्यासाठीचं ‘व्हेन्व’ (स्पेलिंग: व्ही, ई, एन, व्ही) हे मोड्यूल 2012 साली आलेल्या पायथन 3.3 पासून पायथनसोबतच येतं. विंडोजवर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, तुमच्या फोल्डरमध्ये जा आणि या ओळी चालवा:

1. पायथन -एम व्हेन्व डबा
2. डबा\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट
3. पिप इन्स्टॉल पॅन्डास

पहिल्या ओळीने ‘डबा’ नावाचं फोल्डर तयार होतं. दुसऱ्या ओळीनंतर प्रॉम्प्टच्या सुरुवातीला कंसात ‘डबा’ दिसलं, म्हणजे तुम्ही आत आहात. आता पिपने जे काही येईल ते याच फोल्डरमध्ये. पॉवरशेल वापरत असाल तर दुसऱ्या ओळीला ‘स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे’ अशा अर्थाचा एरर येऊ शकतो. तेव्हा साधं कमांड प्रॉम्प्ट वापरा.

लिनक्सवर पहिल्या ओळीत ‘पायथन3’ लिहा आणि दुसरी ओळ अशी: सोर्स डबा/बिन/अ‍ॅक्टिव्हेट.

काम झालं की ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ लिहा. पॅकेजेस नको झाली तर फोल्डर डिलीट करा. मागे काही उरत नाही.

झटपट मार्ग: --यूजर

डबा बनवायचा कंटाळा असेल तर ‘पिप इन्स्टॉल --यूजर पॅन्डास’ लिहा. पॅकेज तुमच्या लॉगिनच्या फोल्डरमध्ये जातं. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या पिप 20.0 पासून मुख्य फोल्डरमध्ये लिहिता येत नसेल, तर पिप आपणहून हेच करतं. आमच्या वेळी ते सांगावं लागायचं, आणि आम्हाला माहीतच नव्हतं.

यात दोन अडचणी येतात. पहिली, एका प्रोजेक्टला जुनं व्हर्जन आणि दुसऱ्याला नवं लागलं, की भांडण सुरू. दुसरी, काही पॅकेजेस स्वतःची कमांडही देतात, पण ती टाइप केली की ‘सापडली नाही’ असं उत्तर येतं. कारण ती ज्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, ते सिस्टिमच्या ‘पाथ’ यादीत नसतं. अशा वेळी बऱ्याचदा ‘पायथन -एम’ लिहून पुढे पॅकेजचं नाव दिलं की काम होतं. उदाहरणार्थ, ‘पायथन -एम पायटेस्ट’.

लॅबमध्ये पायथनच नसेल तर?

विंडोजवर पायथनचा अधिकृत इन्स्टॉलर फक्त तुमच्या लॉगिनपुरताही बसतो. सुरुवातीच्या खिडकीत अ‍ॅडमिन हक्कांबद्दलची टिक असेल तर ती काढा, ‘पाथ’ची टिक लावा आणि ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबा. मिनीकोंडा घेतलं तर ‘जस्ट मी’ निवडा. व्हीएस कोडचा ‘युजर इन्स्टॉलर’ही अ‍ॅडमिनशिवाय चालतो.

उबुंटूवर कधीकधी पायथन असतं, पण व्हेन्व नसतं, कारण तिथे ते वेगळं पॅकेज आहे. तेव्हा होम फोल्डरमध्ये मिनीकोंडा बसवणं हा सोपा उपाय.

लॅबचा कॉम्प्युटर रोज पुसला जात असेल तर?

काही लॅबमध्ये रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत होतं. म्हणून डब्यातून बाहेर पडण्याआधी हे चालवा: पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी. या छोट्या फाइलमध्ये पॅकेजेसची नावं आणि व्हर्जन येतात. ती कोडसोबत पेनड्राइव्हवर ठेवा. दुसऱ्या दिवशी नवा डबा बनवून ‘पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ केलं की सगळं परत येतं. डब्याचं फोल्डरच कॉपी करून नेऊ नका. त्यात मूळ जागेचा पत्ता लिहिलेला असतो, दुसरीकडे तो बिनसतो.

पासवर्ड असेल तरी जपून

स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर ‘सुडो पिप इन्स्टॉल’ करायचा मोह होतो. करू नका. लिनक्सची स्वतःची काही साधनं पायथनवर चालतात. त्यांच्या पॅकेजेसमध्ये ढवळाढवळ केली तर ती बंद पडू शकतात. म्हणूनच 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 आणि उबुंटू 23.04 पासून नुसतं पिप चालवलं तर ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतो. त्यात ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्यायही सुचवलेला असतो. नाव नीट वाचा: सिस्टिम मोडायची तयारी आहे का, असंच ते विचारतंय. उत्तर व्हेन्वच.

आणखी एक. पिप जिथून फाइल्स आणतं त्या पायपीआयवर कुणीही पॅकेज टाकू शकतं. प्रसिद्ध नावात एखादं अक्षर बदलून घातक कोड टाकल्याचे प्रकार झालेले आहेत. अ‍ॅडमिन हक्क नसतील तर असा कोड अख्खी सिस्टिम सहसा बिघडवू शकत नाही, पण तुमच्या फाइल्सपर्यंत नक्की पोचतो. एंटर दाबण्याआधी स्पेलिंग तपासा.

कुठे मात्र विचारावंच लागतं?

ड्रायव्हर, सगळ्यांसाठी चालणारी सर्व्हिस, लिनक्सवरचं ‘अ‍ॅप्ट इन्स्टॉल’ या गोष्टींना अ‍ॅडमिनच लागतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आयटी विभागाने बाहेरचे प्रोग्राम मुद्दाम बंद केले असतील तर पळवाटा शोधू नका, सरळ परवानगी मागा. नोकरीचा प्रश्न असतो.

लॅबमध्ये मात्र ‘सर आल्यावर बघू’ म्हणून उठण्याआधी एररची शेवटची ओळ वाचा. तिथे ‘प्रोग्राम फाइल्स’ किंवा ‘यूएसआर’ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर अडलंय ते फक्त त्या फोल्डरपाशी. वरच्या तीन ओळी चालवा आणि तुमच्या वाटचा कोड तुम्हीच लिहा.