सैराट (गीतसंग्रह) – समीक्षा आणि लोकप्रियता

सैराट हा नागराज मंजुळे दिग्दर्शित याच नावाच्या मराठी चित्रपटाचा गीतसंग्रह आहे. अजय गोगावले व अतुल गोगावले, म्हणजेच अजय-अतुल, या बंधूंनी त्याला संगीत दिले असून तो झी म्युझिक कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये प्रकाशित केला. चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. संग्रहात केवळ चार गीते आहेत: 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी' आणि 'झिंगाट'. विसाव्या शतकानंतरच्या मराठी चित्रपटसंगीतात इतक्या थोड्या गीतांनी इतका मोठा श्रोतृवर्ग मिळविल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. या संग्रहाचे स्वागत मात्र एकसुरी नव्हते. जातीच्या हिंसेवरील चित्रपटातील गीते लग्नाच्या वरातीत कशी काय नाचली जातात, हा प्रश्न प्रदर्शनानंतरच्या काही महिन्यांतच विचारला जाऊ लागला. चित्रपटाच्या परिसराला लागून असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील घटनांमुळे त्या प्रश्नाला विशेष धार आली.

पार्श्वभूमी

मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. अहमदनगर येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट तयार केला. त्याला ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेल्या 'फँड्री' या त्यांच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी एक प्रचारगीत केले होते. ते गीत गावोगावी वाजले, पण प्रत्यक्ष चित्रपटात ते नव्हते. गाणे ऐकून चित्रपटगृहात आलेल्या अनेक प्रेक्षकांना पडद्यावर वेगळाच, कठोर अनुभव मिळाला. 'सैराट'मध्ये गाणे आणि कथा यांतील हीच फट दिग्दर्शकाने चित्रपटाच्या आत आणली, असे म्हणता येते.

अजय-अतुल यांचे नाव त्या वेळी नवे नव्हते. 'जोगवा'च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि २०१० च्या 'नटरंग'मधील लावण्या सर्वतोमुखी झाल्या होत्या. लोकसंगीताचा ठेका आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाची भरघोस साथ ही त्यांची ओळख होती. दक्षिणेतील संगीतकार इळैयराजा यांचे ऋण त्यांनी वेळोवेळी मान्य केले आहे.

गीते आणि ध्वनिमुद्रण

गीतलेखन अजय-अतुल आणि नागराज मंजुळे यांचे आहे. 'याड लागलं' अजय गोगावले यांनी, 'आताच बया का बावरलं' श्रेया घोषाल यांनी, तर 'सैराट झालं जी' हे युगुलगीत अजय गोगावले व चिन्मयी श्रीपाद यांनी गायिले आहे. 'झिंगाट'मध्ये दोन्ही बंधूंचा आवाज आहे. वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत, हॉलिवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेज येथे करण्यात आले. भारतीय चित्रपटासाठी तेथे पाश्चात्त्य सिम्फनी वाद्यवृंद मुद्रित होण्याची ही पहिलीच वेळ, असे त्या वेळी सांगितले गेले आणि वृत्तपत्रांतील पूर्वप्रसिद्धीचा तो मुख्य विषय ठरला.

या भव्य वाद्यमेळाबरोबर येणारी भाषा मात्र करमाळा-जेऊर पट्ट्यातील बोलीची आहे. 'वेड'ऐवजी 'याड' हा शब्द शीर्षकातच येतो. प्रेमगीताची भाषा संस्कृतप्रचुर वा निदान पुणेरी असावी, हा मराठी भावगीतांपासून चालत आलेला संकेत येथे मोडला आहे. ग्रामीण बोली पूर्वीही चित्रपटगीतांत होती, पण बहुधा लावणीत किंवा विनोदी प्रसंगात. हळव्या प्रेमाच्या प्रसंगी, व्हायोलिनांच्या साथीने, ती क्वचितच ऐकू आली होती.

समीक्षकांची मते

समीक्षकांनी संग्रहाचे सर्वसाधारणपणे उत्साहाने स्वागत केले. वाद्यवृंदाचा समृद्ध नाद, चालींतील गोडवा आणि बोलीतील शब्दकळा यांचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक परीक्षणात आढळतो. प्रतिकूल मते प्रामुख्याने दोन प्रकारची होती. पहिले मत संगीतविषयक होते: तंतुवाद्यांची रचना आणि चढत जाणारे समूहस्वर संगीतकारद्वयाच्या आधीच्या कामाची आठवण करून देतात, आणि करमाळ्याच्या विहिरीवर घडणाऱ्या प्रसंगाला हॉलिवूडचा वाद्यवृंद प्रमाणाबाहेर मोठा ठरतो. या आक्षेपाला चित्रपटातच एक उत्तर आहे. मासेमारी सोडून धावत सुटणाऱ्या आणि विहिरीत उडी घेणाऱ्या परश्याला स्वतःचे प्रेम एखाद्या चित्रपटाएवढेच मोठे वाटत असते. वाद्यमेळाची भव्यता ही त्याच्या मनातली भव्यता आहे.

दुसरे मत अधिक गंभीर होते. चारही गीते चित्रपटाच्या पूर्वार्धात येतात. उत्तरार्धात, पळून गेलेले आर्ची आणि परश्या हैदराबादच्या झोपडपट्टीत संसार उभा करतात तेव्हा, एकही गीत नाही, आणि शेवटच्या दृश्यात तर ध्वनीच थांबतो. ही रचना हेतुपूर्वक आहे याविषयी समीक्षकांत एकमत होते. ती कितपत यशस्वी झाली याविषयी मात्र नव्हते. एका गटाच्या मते गीतांनी प्रेक्षकाला निर्धास्त केल्यामुळेच शेवटची शांतता असह्य होते. दुसऱ्या गटाने असे म्हटले की लोकांनी पूर्वार्ध घरी नेला आणि उत्तरार्ध चित्रपटगृहातच सोडला. या वादात 'झिंगाट'चे स्थान महत्त्वाचे आहे. पडद्यावर हे गीत आर्चीच्या घरच्या वाढदिवसाच्या सोहळ्यात वाजते आणि त्याच रात्री दोघे पकडले जातात. ज्या गीतावर प्रेक्षागृह नाचले, त्याच गीतापासून कथेतील विनाशाची सुरुवात होते.

लोकप्रियता

प्रदर्शनानंतर चित्रपटगृहांत 'झिंगाट' सुरू होताच प्रेक्षक आसने सोडून पडद्यासमोर नाचू लागले. काही ठिकाणी नाणी उधळली गेली आणि गाणे पुन्हा लावण्याची मागणी झाली. तालुक्याच्या ठिकाणी मध्यरात्रीनंतरचे खेळही लावावे लागले. मे महिना हा लग्नसराईचा असल्याने गीत वराती, हळदी आणि बँडपथकांपर्यंत लगेच पोहोचले. सप्टेंबरमधील गणेशोत्सवात तर ते विसर्जन मिरवणुकांचे गीत झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाविषयी विस्तृत आदेश दिले होते, त्यामुळे मिरवणुकांतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींची चर्चा तेव्हा तशीही सुरू होती. 'झिंगाट'च्या चालीवर विडंबने झाली, निवडणुकीची प्रचारगीते झाली आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत त्यावर नृत्ये बसविली गेली.

चित्रपटाने शंभर कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविले. मराठी चित्रपटासाठी तो तोवरचा विक्रम होता. या यशात गीतांचा वाटा मोठा असल्याचे सर्वच जण मान्य करतात, कारण प्रमुख भूमिकांतील रिंकू राजगुरू व आकाश ठोसर हे दोघेही नवखे होते आणि प्रेक्षकाला ओढून आणणारा प्रस्थापित तारा चित्रपटात नव्हता.

अहिल्यानगर जिल्हा आणि 'सैराट' हा शब्द

करमाळा तालुक्याच्या उत्तरेस अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत व जामखेड हे तालुके आहेत. बोली, पीकपद्धती, ऊसतोडीचे स्थलांतर आणि गावगाड्यातील जातीची उतरंड या सर्वच बाबतींत हा सलग प्रदेश आहे. याच जिल्ह्यात जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यातील सोनई येथे आंतरजातीय प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली होती. त्या खटल्यात नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली; सवर्ण मुलीशी बोलल्याच्या कारणावरून ती झाल्याचा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये या खटल्यातील आरोपींची निर्दोष सुटका झाली. 'सैराट' खर्डा प्रकरणानंतर दोन वर्षे आणि एका दिवसाने प्रदर्शित झाला. चित्रपट या घटनांवर आधारलेला नाही, तरी या भागातील अनेक प्रेक्षकांनी तो त्या आठवणींसह पाहिला.

जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे मराठा समाजातील अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली आणि त्यानंतर राज्यभर मराठा क्रांती मोर्चे निघाले. आरोपी दलित समाजातील असल्याने वातावरण तणावाचे होते. पाटलाच्या घराण्याच्या चित्रणाविषयी 'सैराट'वर आधीपासून होत असलेली टीका या काळात अधिक तीव्र झाली, आणि अशा चित्रपटांमुळे तरुण मुलामुलींची दिशाभूल होते, असाही सूर उमटला. या टीकेत कथेइतकाच रोख गीतांवर होता. शेवट भीषण असला तरी मुलांच्या ओठांवर राहतात ती गाणी, हा तिचा युक्तिवाद. गंमत अशी की जातविरोधी भूमिकेतून लिहिणाऱ्या काही टीकाकारांची तक्रारही याच निरीक्षणावर उभी होती. त्यांचा निष्कर्ष तेवढा उलट होता.

दरम्यान 'सैराट' या शब्दाचा अर्थच बदलला. मोकाट, बेभान, दिशाहीन धावणारा असा त्याचा बोलीतला मूळ अर्थ. गीतात तो प्रेमात आलेल्या मुक्तपणासाठी येतो. वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर मात्र तो पळून जाऊन केलेल्या विवाहासाठी आणि पुढे कुटुंबीयांनी केलेल्या हत्येसाठी वापरला जाऊ लागला. या वापराचा धोका पारनेर तालुक्यातील निघोज येथील घटनेत दिसला. मे २०१९ च्या आरंभी आंतरजातीय विवाह केलेले एक जोडपे जळाले आणि त्यात पत्नीचा मृत्यू झाला. तिच्या माहेरच्या नातेवाइकांनी दोघांना पेटविल्याचा आरोप झाला आणि 'सैराट'ची पुनरावृत्ती म्हणून बातमी राज्याबाहेरही गेली. पुढे पोलिस तपासाची दिशा बदलली आणि संशय पतीवर गेला. चित्रपटाने दिलेली चौकट घटनेच्या तपासाआधीच तिच्यावर बसविली गेली होती.

इतर भाषांतील आवृत्त्या

२०१७ मध्ये आलेल्या 'मनसु मल्लिगे' या कन्नड पुनर्निर्मितीत रिंकू राजगुरू यांनीच नायिकेची भूमिका केली आणि संगीतही अजय-अतुल यांचेच होते. हिंदीतील 'धडक' (२० जुलै २०१८) या चित्रपटात 'याड लागलं' आणि 'झिंगाट' या चाली अमिताभ भट्टाचार्य यांच्या शब्दांसह वापरल्या गेल्या. हिंदी 'झिंगाट' प्रसिद्ध होताच मराठी श्रोत्यांनी समाजमाध्यमांवर तीव्र नापसंती व्यक्त केली. चाल, ठेका आणि गायक तेच असताना झालेला हा विरोध बोलके उदाहरण आहे: लोकांनी ज्याला आपले मानले होते ती केवळ चाल नव्हती, तिच्यातली बोली होती. राजस्थानच्या राजवाड्यातील चकचकीत चित्रीकरणाने हा दुरावा आणखी वाढविला.

पुरस्कार

मराठी फिल्मफेअर पुरस्कारांत (२०१७) अजय-अतुल यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा, तर चिन्मयी श्रीपाद यांना पार्श्वगायिकेचा पुरस्कार मिळाला. मार्च २०२५ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित करण्यात आला.